मदत हवी आहे: ३२ बिटच्या लिनक्सवर फायरफॉक्सनंतर काय वापरावे?
ग्वाल्हेरमधील आमच्या मराठी वाचनालयातील जुन्या संगणकांचे प्रोसेसर ३२ बिटचे असून मेमरी २ जीबीच्या पुढे वाढत नाही. त्यांवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि फायरफॉक्स ब्राउझरची ईएसआर १४० (दीर्घकाळ सुरक्षा-सुधारणा मिळणारी) आवृत्ती आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ३२ बिटच्या लिनक्ससाठी फायरफॉक्स देणे १४४व्या आवृत्तीनंतर थांबवले आणि ईएसआरला सुधारणा देण्याची हमी सप्टेंबर २०२६पर्यंतच दिली. क्रोमने तर ही साथ २०१६मध्येच सोडली होती.

डिलो हा ब्राउझर वापरून पाहिला. तो अतिशय हलका आहे, परंतु जावास्क्रिप्ट (संकेतस्थळांवरील प्रोग्रामची भाषा) चालवत नसल्याने वाचकांना लागणारे सरकारी अर्ज त्यात भरता येत नाहीत. एपिफनी या दुसऱ्या ब्राउझरमध्ये जोडाक्षरे नीट दिसतात, मात्र काही टॅब उघडताच यंत्र अडखळते. नव्या संगणकांसाठी निधी नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको. सुरक्षा-सुधारणा मिळत राहतील आणि जाहिरातीही रोखता येतील, असा ३२ बिटवर चालणारा मुक्त-स्रोत ब्राउझर प्रत्यक्ष कोणी वापरत आहे का?