निओब्लॅडरनंतर फॉलीत लघवी कमी, मध्येच तुंबतो – नक्की काय बघायचं?

रात्रपाळी_स्टाफ
आमच्या वॉर्डात आता निओब्लॅडरचे पेशंट येतायत (स्टुडर पद्धत, म्हणजे मूत्राशय काढून त्याजागी आतड्याची पिशवी). आतापर्यंत टीयूआरपीच (प्रोस्टेटचं ऑपरेशन) जास्त, त्यामुळे थ्री-वे (तीन तोंडांची लघवीची नळी) आणि चालू इरिगेशन (सतत धुणं) हाताखालचं आहे, हे प्रकरण वेगळं. ऑर्डरमध्ये नुसतं 'फॉली वॉश एसओएस' (गरज पडली तर लघवीची नळी, म्हणजे फॉली, धुवा). पेशंटला २० फ्रेंच जाडीचा फॉली, पोटावरून दोन युरेटरिक स्टेंट (मूत्रपिंडाकडून लघवी आणणाऱ्या बारीक नळ्या) वेगवेगळ्या बॅगेत, आणि एक ड्रेन (पोटात साचलेलं पाणी काढणारी नळी).
१) चौथ्या दिवशी फॉलीच्या बॅगेत रात्रभरात ५०-६० मिली. तुंबलाय की असंच असतं?
२) वॉश किती मिलीचा, किती तासांनी? टाकलेलं परत आलं नाही तर?
३) फॉली बदलायचा कधी?

जुनी_सिस्टर
पहिला प्रश्न आधी, कारण निम्मी धावपळ तिथेच होते. स्टेंट थेट बाहेर काढलेले असले की लघवी स्टेंटच्या बॅगांतच जमते. फॉलीत येतं ते स्टेंटच्या कडेने झिरपलेलं आणि म्युकस (आतड्याचा चिकट स्राव). म्हणून नुसता फॉलीचा आकडा बघून घाबरू नका. चार्टवर उजवा स्टेंट, डावा स्टेंट, फॉली, ड्रेन असे चार रकाने पाडा. बेरीज ताशी किलोमागे अर्ध्या मिलीच्या खाली गेली (६० किलोच्या माणसाला ३० मिली) तर कळवायचं. एक स्टेंट अचानक गप्प झाला तर बेरीज चांगली असली तरी कळवायचं. नळीला कुठे पीळ पडलाय का ते बघा, पण स्टेंट आपण धुवायचा नाही. तिथे ३-५ मिली जातात, तेही डॉक्टरच करतील.

आणि वॉशचं पाणी लघवीत मोजू नका! ५० टाकले, ७० आले, तर लघवी २०. ही चूक सगळ्या वॉर्डांत होते आणि सकाळच्या राउंडला आउटपुट झकास दिसतं.

युरो_रेसिडेंट
दुसरा प्रश्न. आतडं पिशवी झालं तरी त्याचं अस्तर आतड्याचंच. ते म्युकस बनवत राहतं, विशेषतः पहिले काही आठवडे. त्यामुळे 'एसओएस' ही ऑर्डर अपुरी आहे, ठरावीक तासांची मागून घ्या. सहसा दर ४ ते ८ तासांनी असते, म्युकस दाट असेल तर त्याहून लवकर.

पद्धत: आधी बॅगेपासून वर या. पीळ, क्लॅम्प, मांडीखाली दबलेली नळी, काठोकाठ भरलेली बॅग. यातलं काही नसेल तर हात धुवून स्टेराइल ग्लोव्हज, जोड अँटिसेप्टिकने पुसायचा, ५० सीसीची कॅथेटर टिप सिरिंज. नॉर्मल सलाइन कोमट किंवा खोलीच्या तापमानाचं, फ्रिजमधलं नको. ३० ते ५० मिली सावकाश सोडा, मग हलकेच ओढा किंवा सिरिंज काढून खाली किडनी ट्रेमध्ये वाहू द्या. स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. म्युकसचे धागे, गोळे येतील, ते यायलाच हवेत.

परत आलं नाही तर दुसरी सिरिंज भरायची नाही. पेशंटला कुशीवर वळवा, नळी हाताने दाबत खाली पिळा, एकदा हलकं ओढून बघा. नाहीच आलं तर फोन. आत आधीच ५० मिली अडकलेत आणि ताज्या टाक्यांच्या पिशवीची क्षमता सुरुवातीला फार नसते.

ओटी_ब्रदर
म्युकस घट्ट असेल तर थोडा जोर लावून ओढलं की गोळा सुटतो, टीयूआरपीच्या क्लॉटला (रक्ताच्या गुठळीला) करतो तसं.

युरो_रेसिडेंट
@ओटी_ब्रदर इथे तेच करायचं नाही. प्रोस्टेटच्या क्लॉटभोवती जाड स्नायूंचं मूत्राशय असतं. इथे पातळ भिंत आहे, ती कॅथेटरच्या छिद्रात ओढली जाते आणि शिवण फाटू शकते. गोळा दाटच असेल तर काही सर्जन बायकार्ब किंवा एसिटिलसिस्टीनचा (म्युकस पातळ करणारी औषधं) वॉश लिहून देतात. लेखी ऑर्डरशिवाय नाही.

तिसरा प्रश्न: वॉर्डात फॉली बदलायचाच नाही. निसटून बाहेर आला तरी अंदाजाने परत घालायचा नाही. मूत्रमार्ग आणि पिशवीच्या जोडातून टोक बाहेर जाऊ शकतं. सर्जन स्कोप आणि गाइडवायरवर घालतील. म्हणूनच फॉली मांडीला नीट चिकटवलेला हवा, थोडी ढील ठेवून. फुग्यात डिस्टिल्ड वॉटर, सलाइन नको, त्याचे खडे होऊन फुगा उतरत नाही.

ड्रेन वाढला आणि फॉली कमी झाला, पोट फुगलं, तर ड्रेनच्या पाण्याचं क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ घटक) तपासायला पाठवा. रक्ताच्या कितीतरी पट आलं तर लघवी गळतेय, रक्ताइतकंच आलं तर लिम्फ किंवा पोटातलं पाणी.

पुनर्वसन_नर्स
एक भर. पिशवीऐवजी मूळ मूत्राशयाला आतड्याचा तुकडा जोडलेला असेल (ऑगमेंटेशन), तर मूळ स्नायू जागेवर असतो आणि पेटके येतात. कॅथेटरच्या कडेने गळतं तेव्हा बॅगेत प्रवाह चालू आहे का ते बघा. चालू असेल तर बहुधा स्पाझम (पेटका), बंद असेल तर तुंबलंय. तुंबलेल्याला ऑक्सिब्युटिनिन (पेटक्यांचं औषध) देऊन काही होत नाही.

हे पेशंट बरेचदा मणक्याच्या दुखापतीचे असतात. इजा टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्यावर असेल आणि डोकं ठणकतंय, चेहरा लाल, घाम, बीपी चढतंय, तर पहिलं काम पेशंटला बसवा आणि कॅथेटर मोकळा करा. बीपीची गोळी नंतर. स्पायना बिफिडावाल्यांना (जन्मतः मणक्याचा दोष असलेल्यांना) लेटेक्स म्हणजे रबराचा फॉली नको, सिलिकॉनच. त्याची भिंत पातळ असल्याने त्याच नंबरात आतलं भोकही मोठं मिळतं, म्युकसला बरं.

रात्रपाळी_स्टाफ
खूप उपयोगी. युरिन रुटीनला पस सेल्स (पू-पेशी) भरपूर येतात आणि लघवी गढूळ. प्रत्येक वेळी कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवायचं का?

जुनी_सिस्टर
नाही. म्युकसमुळे ती गढूळच दिसणार, आतड्याच्या पिशवीत जंतूही असणार. ताप, थंडी, कमरेच्या बाजूला दुखणं असेल तरच पाठवा, आणि नमुना सॅम्पल पोर्टमधून, बॅगेतून नाही. मात्र पेशंट सुस्त, उलट्या, श्वास जलद आणि फॉली नीट वाहत नाही, असं दिसलं तर ब्लड गॅस करायला सांगा. लघवी आतड्यात साचली की क्लोराइड शोषलं जातं आणि ॲसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) होतो. अशा वेळी तुंबलेला फॉली मोकळा करणं हाच उपचाराचा पहिला भाग.