बहिणींचे १५०० बंद केले की तिजोरी भरेल? आधी पुरवणी मागण्या वाचा

चिंचपोकळी_स्लो_लोकल
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट आली: "लाडक्या बहिणींना पैसे वाटून राज्य भिकेला लागलं, योजना बंद करा, तिजोरी आपोआप सावरेल." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे बोललो असतो तर ॲडमिनने काढलं असतं, म्हणून इथे लांबण लावतो.

१० मार्च २०२५ ला अजितदादांनी सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला. महसुली तूट ४५,८९१ कोटी, तीही त्यांनीच सांगितली. मग ३० जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाच्या वरचा वाढीव खर्च! लाडक्या बहिणीची अख्ख्या वर्षाची तरतूद ३६,००० कोटी. चार महिन्यांच्या आत एवढा खर्च नव्याने आठवत असेल, तर मार्चमध्ये ती जाडजूड पुस्तकं छापली कशाला?

आणि सभागृहात काय होतं? आमदार आपल्या मतदारसंघातला पूल, बसस्थानक, ग्रामीण रुग्णालय एवढं बोलून खाली बसतो. चर्चेला न आलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेविना एकगठ्ठा मताला. 'होय'चं बहुमत, मंजूर. राज्यघटनेच्या कलम २०३ प्रमाणे विधानसभेला मागणी नाकारता येते, कमीही करता येते. पण कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा असा प्रस्ताव) मंजूर झाली तर सरकारवरच बेतते, म्हणून सत्ताधारी बाकावरचा हात वर जात नाही. काटकसर करायची तर इथून करा.

सातारी_कंदी
अर्धाच आकडा सांगायची कला चांगली जमलीय. ५७,५०९ हा ढोबळ आकडा. राज्याच्या तिजोरीवरचा निव्वळ भार ४०,६४४ कोटी. ढोबळ आकड्यात पंधराव्या वित्त आयोगाची रक्कमही आहे, म्हणजे दिल्लीकडून येणारी. ती खर्ची टाकायलाही सभागृहाची मंजुरी लागते, यात चोरी कसली? आणि बहिणींचे ३६ हजार दरवर्षी जाणार आहेत. पूल एकदाच बांधतात. (बिहारमध्ये सोडून.)

चिंचपोकळी_स्लो_लोकल
बरं, निव्वळ ४०,६४४ घ्या. तरी ३६ हजारांपेक्षा जास्तच भरतात. दुरुस्तीबद्दल आभार, माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात.

पोळपाट_लाटणं
तुम्हा दोघांना एक विचारू? महिन्याला १५०० घरात आले की त्याचं काय होतं ते पाहिलंय का? माझी जाऊ त्यातून मुलीच्या क्लासची फी भरते आणि उरलेल्यात पोस्टात आरडी. पहिल्यांदा तिच्या नावाचं पासबुक झालं. नवऱ्याने विचारलं, "एवढे पैसे साठवून करणार काय?" तिने उत्तरच दिलं नाही. निवडणुकीत २१०० म्हणाले होते, ते सोडाच. २०२५च्या छाननीत २६ लाखांवर खाती थांबवली, त्यात १४ हजार पुरुष निघाले म्हणे! अर्ज तपासले कुणी? बहिणींनी?

एमबी_भरलं_बिल_नाही
ताई, तुमच्या जावेला निदान महिन्याला मेसेज तरी येतो. मी लहान कंत्राटदार. खात्याचं नाव घेत नाही, उद्या परत त्याच दारात जायचंय. काम पूर्ण, एमबी (कामाचं मोजमाप पुस्तक) भरलेलं, कार्यकारी अभियंत्याची सही झालेली. बिल टेबलावर. विचारलं की एकच उत्तर, "बीडीएसवर पैसे नाहीत, पुढच्या महिन्यात बघू." (बीडीएस म्हणजे खात्यांना निधी वाटायची सरकारी संगणक प्रणाली.) जीएसटी मात्र मी खिशातून भरून मोकळा. डांबरवाला, जेसीबीवाला, मजूर, सगळे माझ्या दारात. ३१ मार्चच्या रात्री ऑफिसात लाईट चालू असतात, तेव्हा गेलो तर थोडी रक्कम सुटली. बाकी पुढच्या वर्षीच्या कृपेवर. तुमची वादावादी चालू द्या, राज्यातली खरी कपात म्हणजे माझं बिल. त्याला कपात सूचनाही लागत नाही.

खड्डा_क्र_७
कंत्राटदारसाहेब, डोळे पाणावले. आमच्या गावचा रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला तेव्हा मात्र पाणावले नव्हते. टक्केवारी देताना बीडीएस चालू असते का हो?

एमबी_भरलं_बिल_नाही
रस्ता मी केला होता का? गाव सांगा. नाही ना? मग तोंड सांभाळून. टेंडर पंचवीस टक्के खाली भरणाऱ्याला काम द्यायचं, वरून चार जणांची सोय करायची, मग डांबर कुठून जाड येणार? हे विचारायची हिंमत आमदाराला दाखवा, मला नको.

सातारी_कंदी
म्हणजे चार जणांची सोय होते हे मान्य. नोंद घेतली.

वसतिगृह_प्रतीक्षा_यादी
रस्त्यावरून भांडून झालं असेल तर माझंही ऐका. मे २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी वळवले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट स्वतः जाहीरपणे चिडले होते. मला वसतिगृह न मिळाल्याने राहण्या-जेवणाची रक्कम मिळायला हवी, ती कित्येक महिने अडकलीय. खोलीमालक पहिल्या तारखेला दार वाजवतो. अनुसूचित जाती घटकाचा पैसा त्याच समाजातल्या बहिणींना गेला, हे उत्तर मी ऐकलंय. मग माझ्या वाट्याचं काय? तो वेगळा ठेवायचा नियम असतानाही वळवताना कुठली चर्चा झाली?

पोळपाट_लाटणं
हे चूकच आहे. माझ्या जावेला तुझ्या खोलीभाड्यातून आरडी नकोय. पण बाळा, राग वळवणाऱ्यावर काढ, घेणारीवर नको.

चिंचपोकळी_स्लो_लोकल
मी हेच म्हणतोय! कोणाचं बिल थांबणार, कोणाची शिष्यवृत्ती, हे मंत्रालयातल्या एका टेबलावर ठरतं आणि सभागृहात मोजून 'होय' ऐकू येतं. सातारी, आता तरी?

सातारी_कंदी
टेबलाबद्दल मान्य. अर्धं. उरलेलं अर्धं डिसेंबरात नागपूरला पुढच्या पुरवणी मागण्या आल्या की बघू, तेव्हा तुम्ही पुन्हा ढोबळ आकडा घेऊन याल.

खड्डा_क्र_७
@एमबी: गाव सांगतो, खासगीत या. आणि टेंडरची प्रत घेऊन या.

एमबी_भरलं_बिल_नाही
येतो. डिझेल तुमचं.