मदत हवी आहे: मुलीला पहिलीत कुठे घालू? शाळांचे प्रकारच कळेनात

नमस्कार. मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. आम्ही संगमनेर तालुक्यात एका गावात राहतो. सासूबाई म्हणतात गावातली झेडपीची शाळाच बरी, दीर म्हणतात आता सीबीएसईशिवाय खरं नाही, आणि मिस्टरांनी चौकशी माझ्यावर सोपवली आहे.

शहरातल्या एका शाळेच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत 'सीबीएसई पॅटर्न'. फी ३२,०००, बसचे ९,००० वेगळे. संलग्नता क्रमांक विचारला तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "प्रोसेस चालू आहे." दुसरी शाळा 'सेल्फ फायनान्स', तिसरी 'अनुदानित सेमी'.

गावातल्या शाळेतही जाऊन आले. पहिली-दुसरी एकाच खोलीत. बाईंनी दुसरीला पाढे लिहायला दिले आणि माझ्या मुलीपुढे चिंचोक्यांची वाटी ठेवली, "नऊ मोजून दे बरं." तिने मोजले, मग स्वतःच दहा केले, आणि उठायलाच तयार होईना. पण ४१ मुलांना दोनच शिक्षक हे ऐकून धस्स झालं.

ही नावं नीट समजावून सांगाल का? आणि आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, खासगी शाळा मिळू शकते का?

प्रतिसाद (प्राथमिक शिक्षक):
ताई, तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय, म्हणून गोंधळ होतोय. शाळा चालवतं कोण, बोर्ड कुठलं आणि माध्यम कुठलं, हे प्रत्येक शाळेला वेगवेगळं विचारा. झेडपीची शाळा जिल्हा परिषद चालवते. अनुदानित शाळा संस्थेची असते, पण शिक्षकांचा पगार शासन देतं. स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे २०१२ च्या कायद्याने मान्यता मिळालेली, अनुदान नसलेली शाळा; तिचा खर्च फीमधून निघतो. या तिन्हींत मराठी, सेमी, इंग्रजी काहीही असू शकतं. सेमीत पहिलीपासून गणित इंग्रजीत आणि पुढे विज्ञानही, बाकी विषय मराठीत.

'पॅटर्न' या शब्दावर पैसे भरू नका. पॅटर्न म्हणजे फार तर पुस्तकं त्या पद्धतीची. संलग्नता असेल तर क्रमांक असतोच, आणि तो सीबीएसईच्या संकेतस्थळावर तपासता येतो. शासनाची मान्यता आणि यूडायस क्रमांकही (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मागा.

दोन शिक्षकांचं म्हणाल तर ६० पटापर्यंत दोन हा आरटीईचाच निकष आहे. चिंता रास्त आहे, पण ज्या बाई दोन वर्ग असे सांभाळतात त्यांच्या हाताखाली मूल मागे पडत नाही, हे मी पाहिलंय.

प्रतिसाद (एक पालक):
आरटीईच्या २५ टक्के जागा विनाअनुदानित शाळांत असतात, प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतो, आणि आठवीपर्यंत फी नाही. दुर्बल घटकाला वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांना ती अट नाही. शाळा घरापासून जवळ असेल तर आधी नंबर लागतो, हे ध्यानात ठेवा.

अजून एक, जे आम्हाला उशिरा कळलं. नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, प्रवेश परीक्षा पाचवीत असते, सहावीपासून राहणं-जेवण-शिक्षण मोफत. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत व्हावी लागते. आम्ही तिसरीत मुलाला शहरातल्या शाळेत घातलं आणि तो हक्क गेला. राहतो गावातच, पण शाळा बघतात.

मूळ प्रश्न विचारणारी:
सर, दादा, मनापासून आभार. नवोदयचं घरात कोणालाच माहीत नव्हतं. मिस्टरांना वाचून दाखवलं, तेही गप्प झाले. सोमवारी पुन्हा गावच्या शाळेत जाऊन सेमी आहे का आणि गणित कोण शिकवतं ते विचारते. आरटीईचा अर्जही भरून ठेवते. आम्ही ओबीसी. मुलीचा जातीचा दाखला अजून काढलेला नाही, वडिलांचा चालेल का?

प्रतिसाद (एक पालक):
चालतो. आमच्या पुतणीचा वडिलांच्याच दाखल्यावर झाला. रहिवासाचा पुरावा आणि जन्मदाखला मात्र आत्ताच काढून ठेवा, अर्ज सुरू झाले की सेतूत रांग लागते.