१५ वर्षं उभी असलेली टू-स्ट्रोक, पिस्टन जाम झालाय

काकांची जुनी मोटरसायकल घरीच परत चालू करायला घेतलीय, पण किक जागची हलत नाही, प्लग काढला तर आत तांबूस भुकटी, टाकीतही गंज. पिस्टन ठोकून सोडवू का? गाडी खूप जवळची आहे.

उत्तर: अजिबात ठोकू नकोस रे, पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तडा गेला की संपलं. ॲसिटोन आणि एटीएफ ऑइल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं करून प्लगच्या भोकातून ओत, २-३ दिवस मुरू दे (उघड्यावर कर, ॲसिटोन लगेच पेट घेतं), मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलव. सुटला तरी लगेच स्टार्ट करू नकोस, आधी सिलिंडर उतरवून पिस्टनच्या रिंगा बघ.

उत्तर: आणि क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचे) दोन्ही ऑइल सील बदलच, इतक्या वर्षांत रबर कडक होतं, तिथून हवा ओढली की मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन परत सीझ, म्हणजे जाम. टाकीला सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी रात्रभर, मग खायच्या सोड्याचं पाणी, सुकवून लगेच आतून ऑइल फिरव. मूळ रंग बरा असेल तर प्लीज घासू नकोस.

प्रश्नकर्ता: चौथ्या दिवशी चाक बोटभर हललं!! आज सिलिंडर उतरवतोय.