शब्दचर्चा: 'रिसीव्हर कोच'ला मराठीत काय म्हणावं?

बोरिवलीकर: अमेरिकी कॉलेज फुटबॉलवर लिहितोय. ब्रायन हार्टलाइनने ओहायो स्टेट विद्यापीठात रिसीव्हरांचा, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांचा, कोच म्हणून नाव कमावलं. त्याच्या हाताखालचे गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे २०२२च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात, त्यात) लागोपाठ, १०वे आणि ११वे, निवडले गेले. मी 'झेल प्रशिक्षक' लिहिलंय. चालेल का?

कोलंबसची सून: नका लिहू. 'झेल' म्हटलं की आपल्याला स्लिपमधला माणूस दिसतो. रिसीव्हरची खरी मेहनत चेंडू यायच्या आधीची. बचावपटू नाकासमोर उभा असतो. त्याला चकवून सुटायचं, सरळ धावत त्याला मागे हटवायचं आणि ठरलेल्या यार्डावर कंबर खाली घेऊन झटक्यात वळायचं. एक पाऊल जादा पडलं तरी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकशी वेळ चुकते. कोच घोटून घेतो ते हे. झेलही शिकवतात म्हणा: छातीच्या वरचा चेंडू अंगठे जवळ आणून घ्यायचा, कमरेखालचा करंगळ्या जवळ आणून, आणि अंगाशी कवटाळायचा नाही. पण हात बरे असतात म्हणून तर पोराला कॉलेजात घेतात.

तालीमवाला: 'वस्ताद' म्हणा की! हार्टलाइन स्वतः ओहायो स्टेटकडून आणि पुढे मायामी डॉल्फिन्सकडून रिसीव्हर म्हणून खेळलाय. मातीत लोळलेला माणूस.

बोरिवलीकर: मग हेड कोचला काय म्हणू? थोरले वस्ताद? :) बरं, 'खेळाडू घडवले' तरी बरोबर ना?

कोलंबसची सून: माणूस बघून. ओलावे हायस्कूलमधून आला तेव्हा पाचपैकी तीन ताऱ्यांचाच गणला जायचा, त्याला 'घडवला' शोभतं. हार्टलाइनचाच दुसरा चेला मार्विन हॅरिसन ज्युनियर, त्याचे वडील हॉल ऑफ फेममधले, म्हणजे सर्वोच्च मान मिळालेले, रिसीव्हर. तिथे 'पैलू पाडले' म्हणा. शिवाय हा कोच नुसता शिकवत नाही, देशभरातल्या शाळांमधून मुलं हेरतो, घरच्यांशी बोलून त्यांना आणतो. 'प्रशिक्षक'मध्ये ते येत नाही, एक वाक्य वेगळं खर्च करा.

तालीमवाला: 'रिसीव्हर प्रशिक्षक'च ठेवा मग. फक्त पहिल्यांदा 'वाइड रिसीव्हर' लिहा, नाहीतर वाचकाला कोर्टाने नेमलेला रिसीव्हर वाटेल.

बोरिवलीकर: आणि रूट, म्हणजे रिसीव्हरने धावायचा ठरलेला मार्ग? तिकडे बरेच जण 'राउट' म्हणतात.

कोलंबसची सून: 'रूट'च बरं. 'राउट'वर आमच्या मंडळातले सगळे राऊत वळून बघतील.