३५ शब्दांची शपथ आणि २४ कोटी डॉलरचा मांडव

कृष्णाकाठ :
सध्या एक लेख सर्वत्र फिरतो आहे आणि ज्यांच्या मताला मी किंमत देतो अशी मंडळीही तो माना डोलावत पुढे पाठवीत आहेत. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की अमेरिकेच्या अध्यक्षाचा शपथविधी हा जगातील सर्वांत साधा सत्तांतराचा सोहळा आहे. राज्यघटनेने घालून दिलेले ३५ शब्द उच्चारले की काम संपते. आणि वानखेडेवर किंवा आझाद मैदानावर मांडव घालून शपथा घेणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी तिथून काहीतरी शिकावे. आपल्या मांडवांची तरफदारी करण्याची मला हौस नाही. परंतु साधेपणाचे प्रशस्तिपत्र देण्यापूर्वी लेखकाने खर्चाची वही निदान चाळायला हवी होती.

२० जानेवारी २०२५ च्या समारंभासाठी ट्रम्प यांच्या शपथविधी समितीने सुमारे २३.९ कोटी डॉलर गोळा केले. २०१७ मध्ये त्यांच्याच समितीने जमवलेले जवळपास १०.७ कोटी हा तोवरचा उच्चांक होता. गंमत अशी, की एखाद्या कंपनीने उमेदवाराच्या प्रचाराला थेट पैसे देणे तिथल्या कायद्याला मान्य नाही, मात्र निकाल लागल्यावर त्याच उमेदवाराच्या मिरवणुकीसाठी आणि नाचगाण्यासाठी तीच कंपनी हवी तेवढी रक्कम देऊ शकते. परदेशी नागरिकांकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि २०० डॉलर वा त्याहून अधिक देणाऱ्यांची नावे ९० दिवसांत जाहीर करायची, एवढीच काय ती आडकाठी आहे. २०२५ च्या यादीत पहिला क्रमांक कोणाचा लागला, तर पिलग्रिम्स प्राइड या कोंबडीचे मांस विकणाऱ्या कंपनीचा : ५० लाख डॉलर. मेटा आणि ॲमेझॉन यांनी प्रत्येकी १० लाख दिले. त्यानंतर कॅपिटॉल या संसदभवनाच्या घुमटाखाली झकरबर्ग, बेझोस, पिचाई आणि मस्क ही तंत्रज्ञान कंपन्यांची बडी मंडळी भावी मंत्र्यांच्याही पुढे बसलेली साऱ्या जगाने पाहिली, तर काही राज्यांचे निवडून आलेले गव्हर्नर दुसऱ्या दालनात पडद्यावर समारंभ पाहत होते. याला साधेपणा म्हणायचे असेल, तर आमच्या गल्लीतला वर्गणीवाला गणपती हा वैराग्याचा पुतळा ठरेल.

पोटोमॅककर :
कृष्णाकाठ यांचा लेख तावातावाने लिहिला आहे, त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडल्या आहेत. कॅपिटॉलवरचा शपथविधी संसदेची संयुक्त समिती भरवते आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. मिरवणूक, मेजवान्या आणि रात्रीचे बॉल, म्हणजे नृत्यसमारंभ, यांचा खर्च अध्यक्षाची खासगी समिती उचलते. म्हणजे ज्या २४ कोटींवरून आपण एवढे संतापला आहात, त्यांतला एक सेंटही करदात्याचा नाही. आपल्याकडे सरकारी पैशाने मैदाने भरवली जातात तेव्हा बोलायचे आणि इथे खासगी पैशाने नाच झाला तरीही बोलायचे, हा न्याय मला समजत नाही.

दुसरे असे, की किती थाट करायचा हे अध्यक्षावर असते. विल्सन यांनी १९१३ मध्ये बॉल रद्दच केला. रूझवेल्ट यांनी १९४५ ची चौथी शपथ युद्धामुळे व्हाइट हाऊसच्या दक्षिण सज्ज्यात घेतली आणि मिरवणुकीला फाटा दिला. कार्टर १९७७ मध्ये गाडीतून उतरून पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूने पत्नीसह चालत गेले. ओबामा यांनी २००९ मध्ये कंपन्यांच्या देणग्या नाकारल्या आणि व्यक्तींसाठी ५० हजार डॉलरची मर्यादा स्वतःहून घातली.

आणि मुख्य मुद्द्याला आपण हातही लावलेला नाही. या समारंभाचे खरे काम हरलेल्याला समोर बसवण्याचे आहे. १९३३ मध्ये हरलेले हूवर आणि जिंकलेले रूझवेल्ट एकाच उघड्या मोटारीतून तोंड फिरवून गेले. १९५३ मध्ये निवडून आलेले आयझेनहॉवर मावळते अध्यक्ष ट्रूमन यांच्याकडे कॉफीसाठी आत न जाता गाडीतच बसून राहिले. २००१ मध्ये गोर आणि २०२५ मध्ये कमला हॅरिस यांना ज्याच्याकडून हरलो त्याचीच शपथ जवळून पाहावी लागली. कोणाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता, तरीही ते बसले. २०२१ मध्ये ट्रम्प बसले नाहीत आणि त्याच्या दोनच आठवडे आधी, ६ जानेवारीला, शपथविधीसाठी उभ्या राहत असलेल्या मंचाच्या परांचीवरून कॅपिटॉलवर चालून आलेले दंगेखोर वर चढले होते. मंच कशासाठी असतो, हे ज्यांना तोवर कळले नव्हते त्यांना त्या दिवशी कळले असावे.

हिमवासी :
दोघांचेही वाचले. मला एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे, आणि ती म्हणजे थंडी.

मी मिनियापोलिसला राहतो. २०२५ चा समारंभ थंडीचे कारण देऊन आत हलवण्यात आला आणि मिरवणूक एका बंदिस्त क्रीडागृहात फिरवण्यात आली. त्या दुपारी बारा वाजता वॉशिंग्टनचे तापमान उणे तीन अंश सेल्सियसच्या आसपास होते. २००९ मध्ये ओबामा यांनी शपथ घेतली तेव्हाही ते उणे दोनच्या आसपासच होते, आणि त्या दिवशी कॅपिटॉलसमोरच्या नॅशनल मॉल या मैदानावर १८ लाख लोक होते असा अंदाज सांगितला जातो. उणे तीनला आमच्याकडे मुले मधल्या सुटीत बाहेर खेळतात. रेगन यांचा १९८५ चा समारंभ आत घेतला गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही; तेव्हा दुपारी उणे चौदा होते आणि वारा निराळाच. परंतु उणे तीनला घाबरायचे कारण हवामान नसून रिकाम्या खुर्च्या होत्या, असे माझे मत आहे. ट्रम्प यांच्या २०१७ च्या शपथविधीला गर्दी किती होती, यावरून व्हाइट हाऊसच्या पत्रकार कक्षात जो तमाशा झाला, त्याची पुनरावृत्ती कोणाला हवी होती?

पोटोमॅककर :
तापमापकावरचा आकडा आणि अंगाला लागणारा वारा यांतला फरक मिनियापोलिसच्या माणसाला मी सांगावा लागू नये. लोक पहाटेपासून रांगेत उभे असतात, दुपारी बाराला हेलिकॉप्टरने उतरत नाहीत. निर्णय शुक्रवारी अंदाज पाहून घेतला गेला. सोमवारचा प्रत्यक्ष आकडा हातात धरून टीका करणे सोपे आहे. १८४१ चा अध्यक्ष हॅरिसन यांचा किस्सा तर सर्वांना पाठ आहे : ओव्हरकोट न घालता जवळजवळ दोन तासांचे भाषण केले आणि महिन्याभरात गेले.

हिमवासी :
हॅरिसन यांचा किस्सा येणार हे मला ठाऊकच होते! त्यांचे आजारपण शपथविधीनंतर तीन आठवड्यांनी सुरू झाले आणि व्हाइट हाऊसच्या दूषित पाण्यामुळे आलेला आंतड्यांचा ताप हेच खरे कारण असावे, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. शाळेतल्या गोष्टी पुरावा म्हणून पुढे करू नयेत.

सनदी :
थंडीचा विषय निघालाच आहे, तर मिनियापोलिसच्या शूरवीरांसाठी एक अनुभव लिहितो.

२००९ मध्ये आम्ही व्हर्जिनियात होतो आणि वडील साताऱ्याहून आले होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. त्यांना हा समारंभ डोळ्यांनी पाहायचा होता. तिकिटे मिळाली याचा आनंद मोठा होता, रंग जांभळा होता. जाणकारांच्या लक्षात आलेच असेल. जांभळ्या तिकिटांच्या हजारो लोकांना थर्ड स्ट्रीटच्या भुयारी रस्त्यात रांगेला लावण्यात आले. तिथे ना पोलीस होते, ना स्वच्छतागृह, ना रांग पुढे सरकते आहे की नाही हे सांगणारे कोणी. वडिलांनी माकडटोपीवर मफलर गुंडाळला होता, दोन स्वेटर चढवले होते, आणि तरी ते एकसारखे पाय आपटत होते. मागच्या एका मुलीने मोबाइलवर रेडिओ लावला, त्यावरून शपथ झाल्याचे कळले. भुयारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या दाराची फळी उघडलीच नाही. आयोजकांनी पुढे दिलगिरी व्यक्त केली, पण तोवर वडील भारतात परतले होते. तेव्हा २०२५ मध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोणी गारठ्यात उभे केले नसेल, तर त्याबद्दल मला राग येत नाही. १८ लाखांचा आकडा सांगताना भुयारातल्यांची गणना कोण करतो?

हिमवासी :
आपल्या वडिलांना झालेल्या त्रासाबद्दल मला मनापासून वाईट वाटते. परंतु तो त्रास ढिसाळ व्यवस्थेने दिला, थंडीने नव्हे, आणि आपण स्वतःच ते लिहिले आहे. उलट आपला अनुभव माझ्याच बाजूचा आहे. २०२५ मध्ये दोन लाख वीस हजारांहून अधिक तिकिटे खासदारांमार्फत वाटली गेली होती आणि घुमटाखाली जागा होती जेमतेम सहाशेंची. क्रीडागृहात वीसेक हजार मावले. बाकीचे विमानाची आणि हॉटेलची भाडी भरून आलेले लोक, आपल्या भुयाराचीच मोठी आवृत्ती नव्हेत काय?

सनदी :
माझ्या वडिलांना आपल्या बाजूचे साक्षीदार करू नका, एवढी विनंती आहे.

उंबरठा :
थंडीवरून भांडणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये, की हा समारंभ मुळात ४ मार्चला होत असे आणि विसाव्या घटनादुरुस्तीमुळे १९३७ पासून तो जानेवारीत आला. निकाल आणि सत्तांतर यांच्यात चार महिने हरलेले सरकार बसून राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. मार्च काही सुखाचा नव्हता. १८७३ मध्ये ग्रँट यांच्या बॉलला शोभेसाठी आणलेले कॅनरी पक्षी पिंजऱ्यातच गारठून मेले, आणि १९०९ मध्ये टाफ्ट यांना हिमवादळामुळे सिनेटच्या सभागृहात शपथ घ्यावी लागली. मिरवणूक मात्र बर्फ उपसून काढलीच. जानेवारीतला पहिला समारंभही मुसळधार पावसात पार पडला. रेगन यांच्या वेळी ज्या शाळांच्या बँडांची मिरवणूक हुकली, त्यांच्यासाठी त्याच वर्षीच्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये वेगळी मिरवणूक काढण्यात आली होती. मुलांनी वर्षभर सराव केलेला असतो, हे निदान कोणाच्या तरी ध्यानात आले.

माझा खरा राग निराळ्याच गोष्टीवर आहे. २० जानेवारी २०२५ हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुटीचाही दिवस होता. आपल्या मराठी वाहिन्यांनी त्याचा उच्चार किती वेळा केला? जयशंकर पहिल्या रांगेत बसले आणि अंबानी दांपत्याला आदल्या रात्रीच्या मेजवानीचे आमंत्रण होते, या दोन बातम्यांवर आपला दिवस गेला. दुसऱ्याच्या लग्नात आपली खुर्ची कुठे मांडली, यावर आपले परराष्ट्र धोरण मोजायचे असेल तर कठीण आहे.

पोटोमॅककर :
उंबरठा यांना पहिली रांग खुपते, कृष्णाकाठ यांना दुसरी खुपते. बसायचे तरी कोणी?

आता साधेपणाचे उदाहरणच हवे असेल तर देतो. अध्यक्ष हार्डिंग यांच्या निधनानंतर ३ ऑगस्ट १९२३ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास व्हरमाँटमधल्या वडिलांच्या घरी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात उपाध्यक्ष कूलिज यांनी शपथ घेतली आणि ती दिली खुद्द त्यांच्या वडिलांनी, जे गावातले नोटरी होते. पहाटेचा शपथविधी म्हटले की आपल्याला केवळ २३ नोव्हेंबर २०१९ चे राजभवन आठवते.

कृष्णाकाठ :
माझा प्रश्न पैशाचा होता, तो तापमापकाखाली आणि भुयारात हरवला. पोटोमॅककर यांचे एक म्हणणे मान्य करतो, कारण ते नाकारण्यासारखे नाही : नाचगाण्यावर करदात्याचा पैसा गेला नाही. कोंबडीवाल्यांनी आणि संगणकवाल्यांनी लोकशाहीसाठी केलेल्या या त्यागाबद्दल अमेरिकी जनता ऋणी राहील, यात मला शंका नाही. मात्र करदात्याच्या पैशाचा निदान हिशेब मागता येतो. इथे पैसा कशावर गेला, याचा तपशील निवडणूक आयोगाला द्यावा लागत नाही. २०१७ च्या समितीने ट्रम्प यांच्याच हॉटेलला जागेच्या भाड्यापोटी अवाच्या सवा पैसे मोजले, असा दावा राजधानीच्या महाधिवक्त्यांनी गुदरला होता आणि २०२२ मध्ये साडेसात लाख डॉलर देऊन, चूक कबूल न करता, तो मिटवण्यात आला.

हरलेल्याला समोर बसवण्याचा मुद्दा मला पटतो, असेही नोंदवून ठेवतो. पण त्यासाठी एक खुर्ची लागते. २४ कोटी लागत नाहीत.

पोटोमॅककर :
एक खुर्ची पुरते हे आपण मान्य केलेत, हेच पुष्कळ झाले. ओबामा यांनी मर्यादा घातली होती, पुढच्यांनाही घालता येईल. त्यासाठी कायदा करायचा की नाही, हे तिथल्या संसदेने ठरवावे. कमाल मर्यादेचा कायदा झाला तर मी विरोध करणार नाही. बॉल बंद करा म्हणालात, तर मात्र करीन. १८०९ मध्ये मॅडिसन दांपत्याच्या वेळी चार डॉलरचे तिकीट काढून लोक नाचायला गेले होते, त्यात काही गैर नव्हते.

कृष्णाकाठ :
चार डॉलरच्या तिकिटाला माझी हरकत नाही. ५० लाखांच्या तिकिटाला आहे.

हिमवासी :
आणि उणे तीन ही थंडी नव्हे.