शहाची अभिरुची? अहो, पडून असलेलं इंजिन!

खटारा:
काल पेट्रोलडोकं यांनी लिहिलं की मासेराती ५००० जीटी म्हणजे इराणच्या शहाच्या अभिरुचीचं स्मारक, आणि असे रसिक धनिक उरले नाहीत म्हणून आजच्या गाड्या साबणाच्या वड्या झाल्यात. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं. म्हणून वेगळा धागा.

शहाने केलं काय? मासेरातीचीच ३५०० जीटी आवडली, पण जोर आणखी हवा होता. इकडे १९५७ ला काराकासच्या शर्यतीत मासेरातीच्या ४५०एस गाड्या ठोकल्या गेल्या, पैशाचीही बोंब होती, कंपनीने आपला रेसिंग संघ गुंडाळला. त्या गाड्यांचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बिनकामाचं झालं. मासेरातीचे इंजिनिअर आल्फिएरी, त्यांनी ते जवळपास पाच लिटरचं करून ३५०० च्या दणकट केलेल्या चासीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, बसवलं. १९५९ ला मिलानच्या टूरिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने वर बॉडी बांधली. डोकं आल्फिएरींचं, रेघ टूरिंगच्या बियांकी अँडरलोनींची, हात पत्रा ठोकणाऱ्यांचे, ज्यांची नावं कुणाला पाठ नाहीत. शहाचा काय तो पैसा. तोही कुठला? १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसाद्देघ यांना उलथवून टिकवलेल्या गादीचा.

पेट्रोलडोकं:
आले मोसाद्देघ! पुढच्या प्रतिसादात मार्क्स येणार, पैज लावा.

ऑर्डर नसती तर ते इंजिन गोदामात धूळ खात बसलं असतं. शहामागे रांग लागली साहेब. फियाटवाल्या अन्येलींची बॉडी पिनिनफारिनाने केली, करीम आगाखानांची फ्रुआने, लँब्रेटावाल्या इनोचेंतींची घियाने. जेमतेम ३४ गाड्या, त्यातल्या २२ ॲलेमानोच्या, बाकींचा तोंडवळा बॉडीवाल्यागणिक वेगळा. फियाटच्या घराण्यातला माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन मासेराती मागतो, याला रसिकता नाही तर काय म्हणायचं?

चौकस_चिमी:
हेच ते करीम आगाखान, ज्यांनी १९६९ ला पुण्याचा आगाखान पॅलेस देशाला दिला. नगर रोडवरून जाताना मासेराती आठवेल आता. चालू द्या.

खटारा:
रसिकतेचं म्हणाल तर इटलीचे सिनेदिग्दर्शक रोसेलिनी घ्या. त्यांची फेरारी ३७५ एमएम मुळात पिनिन फारिनाची उघडी स्पायडर. ती ठोकली गेली, मग स्कालिएत्तीने तिची छतवाली कूपे केली. २०१४ ला अमेरिकेत पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरली ती हीच. म्हणजे अपघात धरला तर अपघातही रसिकच!

दापोडीकर:
चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. एवढं कौतुक कशाला? एसटीच्या दापोडी वर्कशॉपात वर्षानुवर्षं हेच चाललं. माझे वडील बॉडी सेक्शनला होते. टाटा-लेलँडची उघडी चासी आत जायची आणि लाल गाडी बाहेर पडायची. वडील पत्र्यावर तळवा फिरवून सांगायचे कुठे उचललाय. त्यांच्यावर नाही कुणी धागे काढत.

मिलानवासी:
आदर राखून सांगतो, तुलना चुकतेय. एसटीचा पत्रा सपाट किंवा एका दिशेने वळलेला, चौकटीवर रिव्हेट मारून बसवलेला. टूरिंगच्या सुपरलेजेरा पद्धतीत बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडाच गाडीच्या आकाराचा, आणि पत्रा दोन्ही दिशांना वळलेला. तो ठोकून ठोकून आणावा लागतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून गंजू नयेत म्हणून नळ्यांवर कापड गुंडाळायचे. ते ओलं राहिलं की मात्र आतून पोखरण सुरू.

दापोडीकर:
मिलानहून दापोडी लहानच दिसणार. तुमच्या त्या शिल्पात माणसं दोन बसायची, आणि रविवारी. आमच्यात पन्नास बसून वर उभी असायची, घाटात, खड्ड्यांतून, पावसात. कसब म्हणजे फक्त गोलाई का?

मिलानवासी:
कसब नाही असं मी म्हणालोच नव्हतो. नीट वाचा.

खटारा:
दोघंही नशीबवान. माझ्या पद्मिनीचं मडगार्ड एका गॅरेजात दिलं होतं. पठ्ठ्याने हातोडी उचललीच नाही, नुसती लांबी (पुट्टी) थापली. पहिल्या पावसात खपली निघाली. वर म्हणतो, पत्राच जुना आहे! हातोडीवाले संपले, हे खरं दुखणं.

तिसरा_गिअर:
आणि ते का संपले? पद्मिनीचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. तिचं मूळ फियाट ११००-१०३. त्या गाडीला १९५३ लाच वेगळी चासी नव्हती, बॉडी हाच सांगाडा. चासी विकत घेऊन वर हवी ती बॉडी बांधायची सोय अशी एकेका मॉडेलमागे आटत गेली. टूरिंगने १९६६ ला कुलूप लावलं. इटलीतले श्रीमंत त्या वर्षी गरीब झाले नव्हते.

पेट्रोलडोकं:
बरं, मोनोकॉकचा, म्हणजे बॉडी हाच सांगाडा हा मुद्दा घ्या, पदरात घातला. रसिक धनिक संपले हे वाक्य मागे. पण ५००० जीटीची पहिली ऑर्डर शहाचीच, ती काही मोसाद्देघांनी दिली नव्हती. आणि धनिकच हवेत तर मुंबईत आहेत की, महिंद्रांनी २०१५ ला पिनिनफारिनाच घेण्याचा करार केला. एक गाडी नाही, अख्खं दुकान!

दापोडीकर:
ते राहू द्या. मिलानवासी, एवढं कळतं तर हे सांगा: एसटीने पुढे ॲल्युमिनियम सोडून माइल्ड स्टीलच्या बॉड्या धरल्या, ते बरोबर केलं का?

मिलानवासी:
बरोबर केलं. धडक बसली की पातळ ॲल्युमिनियम फाटतं, आतल्यांना तेच लागतं.

दापोडीकर:
वडिलांना हे सांगून बघा एकदा. फोन स्पीकरवर ठेवतो.